ओसरीवरची शाळा

आमच्या घरी शाळा भरते असे कळले, की येणारा पाहुणा तीन प्रश्न विचारतो आणि तेही ठरलेल्या क्रमाने. पहिला प्रश्न, "मग परीक्षा कोण घेतं?" दुसरा, "मुलं एकलकोंडी नाही का होत?" तिसरा मात्र चहाचा कप खाली ठेवून, आवाज थोडा उतरवून येतो : "तुम्ही ख्रिस्ती आहात, म्हणून असं करता का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला आता तोंडपाठ झाली आहेत. तिसऱ्याचे उत्तर चहा निवायच्या आत देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर डहाणूला आणि ह्यांची नोकरी तलासरीला, एका बँकेत. सकाळची एस.टी. गाठून हे जातात आणि दिवेलागणीला परततात. घर जुने, कौलारू. पुढे लांबरुंद ओसरी आणि मागे चिकूची चार झाडे. चार झाडांना डहाणूत कोणी वाडी म्हणत नाही, पण सासूबाई म्हणतात, आणि घरात त्यांचा शब्द चालतो. घरात माणसे पाच : सासूबाई, हे, मी, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा.

या ओसरीवर शाळा भरवण्याचा बेत आम्ही कधी केला नव्हता. २०१७ च्या उन्हाळ्यात थोरलीची पाचवी झाली आणि तिच्या दम्याने उचल खाल्ली. महिन्यातले पंधरा दिवस पोर उशीला टेकून बसलेली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर घरीच राहू द्या. वर्षाची दोन वर्षे झाली आणि दोनाची पाच. धाकटा त्या वेळी पाच वर्षांचा होता. ताई घरी शिकते, तर मीच बाहेर का जाऊ, हा त्याचा बिनतोड युक्तिवाद. त्यामुळे दुसरा विद्यार्थीही आपोआप मिळाला. तेव्हा पाहुण्यांना मी सांगते, की आमच्या घरी शाळा आणली ती दम्याने. धर्माचा संबंध आला तो पुढे, ही शाळा चालवायची कशी हा प्रश्न पडला तेव्हा.

कारण शिकवण्याची एक रीत आमच्या घरात आधीपासूनच होती. फक्त तिला कोणी शाळा म्हणत नव्हते. रोज रात्री जेवणाआधी ओसरीवर सगळ्यांनी बसायचे, पवित्र शास्त्रातला एक अध्याय काढायचा आणि वळीने एकेक वचन मोठ्याने वाचायचे. अक्षरओळख नुकती झालेले पोरदेखील यातून सुटत नाही. त्याच्या वाट्याचे वचन तो बोट ठेवून, अडखळत, पण स्वतःच पुरे करतो. मध्ये कोणी शब्द सुचवायचा नाही, हा सासूबाईंचा दंडक. अध्याय संपला की प्रत्येकाने एक तरी प्रश्न विचारायचा. "सगळं समजलं" म्हणणाऱ्याला त्या म्हणतात, "मग तू वाचलंच नाहीस."

सासूबाई १९३९ सालच्या. स्वतः चौथीपर्यंतच शिकलेल्या, पण शिकवण्याच्या त्यांच्या युक्त्या बी.एड.वाल्यांनी पाहाव्यात. स्तोत्रसंहितेतले एकशे एकोणिसावे स्तोत्र सर्वांत मोठे. हिब्रू वर्णमालेतल्या बावीस अक्षरांवर त्याचे बावीस खंड, आणि प्रत्येक खंडात आठ वचने. बाविसाचा पाढा मुलांना पाठ होईना, तेव्हा सासूबाईंनी हे स्तोत्र काढले आणि म्हणाल्या, "मोजा." बावीस आठे एकशे शहात्तर हे धाकटा अजून विसरलेला नाही, स्तोत्र मात्र बरेचसे विसरला! भूगोल माझ्याकडे. त्याची सुरुवात आम्ही आगगाडीपासून केली : डहाणू रोड, वाणगाव, बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा, विरार. कुठे खाडी लागते, कुठे मीठागरे दिसतात, कुठे उंच इमारती सुरू होतात हे खिडकीतून पाहून वहीत लिहायचे. हिशेब चिकूच्या पेट्यांवर. आणि बाकी सारे वाचनावर.

घरात पुस्तके म्हणाल तर एक कपाटभर. दिवाळीत शेजारच्या काकू फराळाच्या ताटाबरोबर त्यांचे वाचून झालेले दिवाळी अंक धाडतात आणि नाताळात आमच्याकडून करंज्यांच्या डब्याबरोबर ते परत जातात. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हा ती एका ख्रिस्ती घरातल्या नाताळच्या करंज्यांपर्यंत पोहोचेल असे त्यांना वाटले नसेल.

आमचे हे घरचे शिक्षण कोणा परदेशी पंथाचे खूळ आहे, असे काही पाहुण्यांना वाटते. त्यांना मी आपल्याच मुलखातली दोन घरे दाखवते.

पहिले घर अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे. या गृहस्थांनी शास्त्रीपंडितांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांना मुलगी झाली. आई तिला पहाटे अंधारातच उठवून पाठ देई. शाळा नाही, फळा नाही, पुढे तर घरही नाही. तीर्थयात्रा करीत हिंडणारे ते कुटुंब. हीच मुलगी १८७८ साली कलकत्त्यास गेली आणि तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. पण घरात असे वाचायला शिकलेली मुलगी कोणाचेच मुकाट्याने ऐकत नाही. वाँटेजच्या ज्या मठवासिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीही धर्ममतांवर त्या पत्रांतून वाद घालीत राहिल्या. ती पत्रे १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी संबंध बायबलचे भाषांतर केले, ते साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली तो ग्रंथ बाहेर पडला.

दुसरे घर टिळकांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. दोघांची ताटातूट झाली, पुढे एकत्र आली तरी लक्ष्मीबाईंची चूल निराळी, सोवळे निराळे. टिळक थांबले. स्वतःच्या बुद्धीने एकेक गोष्ट पटत गेली, तेव्हा १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. शाळेत न शिकलेल्या या बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिली. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत आली, आणि मराठीत शुद्ध गद्य कसे असावे हे आज आपण तिच्यातून शिकतो. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले तेही त्यांनीच. आमच्या घरी 'स्मृतिचित्रे' दर पावसाळ्यात एकदा मोठ्याने वाचली जातात. लक्ष्मीबाईंची फजिती आली की सासूबाई पदर तोंडाला लावून हसतात आणि पुढचे वाक्य वाचणाऱ्याच्या आधीच म्हणून टाकतात.

आणि इतके दूर तरी कशाला जायचे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. दोन्ही ठिकाणे आमच्याच डहाणू तालुक्यातली. पोरे शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर या बायांनी पोरांना दोष दिला नाही. शाळाच उचलून पाड्यावर नेली आणि अंगणात मांडली. गुरे राखायला गेलेल्या पोरांसाठी ती कुरणातही नेली. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना देशभर सुरू झाली, तेव्हा 'अंगणवाडी' हेच नाव तिने उचलले. हे ऐकले की पाहुणा जरा वरमतो. अंगणात शाळा चालते, तर अंगणाला लागून असलेल्या ओसरीने काय पाप केले? २०२० च्या मार्चात तर साऱ्या शाळा बंद झाल्या आणि घराघरांत वर्ग भरू लागले. ज्यांनी आम्हाला वेड्यात काढले होते, त्यांच्यापैकी दोघीतिघी त्या वर्षी माझ्याकडे विचारायला आल्या, की दुपारी तीननंतर मुलांना अभ्यासाला बसवता तरी कसं!

येथवर सारे सोपे होते. खरी परीक्षा पुढे आली, आणि तिला बोर्डाचा काही संबंध नव्हता.

आमच्या मंडळीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. डहाणूच्या बाजूला गेल्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील चर्च ऑफ द ब्रदरनचे लोक आले. त्यांनी येथे दवाखाना काढला. सासूबाईंचे वडील त्या दवाखान्यात कंपाउंडर होते. या लोकांच्या दोन रीती आम्हाला फार जवळच्या. एक, प्रीतिभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुणे. दुसरी, तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा न देणे. मूल जाणते होईल, स्वतः विचार करील आणि स्वतःच्या तोंडाने मागेल, तेव्हाच तो द्यायचा. १९७० साली नागपुरास उत्तर भारतातल्या निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि तिच्यात ब्रदरनही सामील झाले. त्या ऐक्यात बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीतींना जागा ठेवण्यात आली. आमच्या घरात मात्र जुनीच चालत आली. लहानपणापासून हे नियम आम्ही कानांनी ऐकतो. पण मूल नको म्हणाले तर काय, हे त्या नियमात आधीपासूनच बसलेले असते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

थोरली पंधरा वर्षांची होती. ह्यांच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याने तलासरीहून एक पुस्तक धाडले : गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला पुढे १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. डहाणू-तलासरीच्या वारल्यांची हकीगत त्यात आहे : सावकार-जमीनदारांची वेठ, लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी जन्मभर राबणारे लग्नगडी, आणि मग २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरीला भरलेली परिषद, जिथून वारल्यांनी वेठीला नकार दिला. थोरलीने ते तीन दिवसांत वाचून काढले. मी तिच्याकडे पाहात होते. दम लागला की ती जशी ताठ बसते, तशीच ती पुस्तक मिटल्यावर बसली होती.

त्या आठवड्यात रात्रीचे वाचन निर्गमाच्या पुस्तकातले चालू होते : मिसरातले इस्राएली, विटा थापण्याची सक्ती, फारोचे मुकादम. तिच्या वाट्याचे वचन आले. तिने ते वाचले आणि अध्याय संपायची वाट न पाहता विचारले,

"आजी, ही वेठच ना?"

"हो, वेठच."

"मग इथे, तलासरीला, वेठ चालू होती तेव्हा आपली माणसं हाच अध्याय वाचत होती. झरीला गेल्या त्या गोदावरीबाई. त्या लाल बावट्याच्या. आपल्यातलं कोणी का नाही गेलं?"

ओसरीवर कोणी बोलेना. घरचाच दंडक होता की प्रश्न विचारायचा. आणि प्रश्न तर असा आलेला, की त्याला मोजून दाखवायला बावीस आठे पुरणार नव्हते. सासूबाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला ठाऊक नाही गं." प्रार्थना त्या दिवशी दोन वाक्यांत आटोपली.

दुसऱ्या रात्री थोरली ओसरीवर आली, बसली, पण वाचणार नाही म्हणाली. हे रागावले. म्हणाले, "वाचायचं नसेल तर बसूही नकोस." सासूबाई म्हणाल्या, "बसू दे तिला. ऐकायला काय बंदी आहे?" त्या रात्रीपासून वाचनाचा फेरा तिच्यापाशी आला की एक क्षण थांबे आणि पुढे जाई. तो एक क्षण रोज मला फार मोठा वाटे.

पुढल्या वर्षी सतरा नंबरचा अर्ज भरून ती दहावीला बसली आणि चांगल्या गुणांनी पास झाली. त्याच सुमारास पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्यासाठी नावे मागितली. तिच्या वयाच्या तीन मुलींची नावे गेली. सासूबाईंनी नातीसाठी एक पांढरे पातळ कधीचे घेऊन ट्रंकेत ठेवले होते. थोरली म्हणाली, "आत्ता नाही." केव्हा, असे ह्यांनी विचारले, तर म्हणाली, "लक्ष्मीबाईंना पाच वर्षं मिळाली होती. मला का नाही?" पावसाळ्यात मोठ्याने वाचलेली पुस्तके अशी उन्हाळ्यात अंगावर येतात! ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले, पण ते हसत होते हे मला दिसले.

मला सल्ला देणारे पुष्कळ भेटले. एक ओळखीच्या बाई, मनाने अगदी चांगल्या, म्हणाल्या, "पुस्तकं जरा चाळून देत जा मुलांना. घरी शिकवण्याचा फायदा तोच तर आहे." मी त्यांना काही उलट बोलले नाही, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होते. सहा वर्षांच्या पोराला आम्ही शिकवले, की शब्दावर बोट ठेव, दुसऱ्याने सुचवलेला शब्द घेऊ नकोस, आणि न समजलेले विचारल्याशिवाय उठू नकोस. ते पोर पंधरा वर्षांचे झाल्यावर दुसरे पुस्तक त्याच रीतीने वाचू लागले, तर त्याला अडवायचे कोणत्या तोंडाने? वाचायला आईबापांना शिकवता येते, आणि विश्वास कशाला म्हणतात हे रोज त्याच्यासमोर जगून दाखवता येते. त्यापुढचे एक पाऊल त्याचे त्याला टाकावे लागते. आमच्या मंडळीने तान्ह्या मुलांच्या डोक्यावर पाणी घातले नाही, ते याच एका पावलासाठी. मग ते पाऊल पडायला उशीर लागला, तर घरात सुतक कशाला?

हे लिहायला सोपे आहे. सासूबाई पंच्याऐंशीच्या आसपास आल्या, आणि ट्रंकेची कडी वाजली की मला ते पातळ आठवते. ते सोपे नाही.

मधल्या काळात धाकट्याने शाळा सोडली. म्हणजे आमची सोडली आणि क्रिकेटच्या ओढीने गावातल्या शाळेत पाचवीला नाव घातले. थोरली कॉलेजला जाऊ लागली. ओसरी दिवसाची रिकामी पडली. आणि सासूबाईंच्या डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. प्रथम बारीक अक्षर गेले, मग ठळकही. पुस्तक मांडीवर घेऊन त्या नुसत्या बसून राहात. स्तोत्रे त्यांना पाठ आहेत. तरी पान उघडलेले लागे.

एके दिवशी कॉलेजातून आल्यावर थोरलीने ते पुस्तक त्यांच्या मांडीवरून उचलले आणि विचारले, "कुठपासून वाचू?" मी स्वयंपाकघरात होते. हातातली पळी तशीच राहिली. सासूबाई म्हणाल्या, "तुला वाचायचं नव्हतं ना?" ती म्हणाली, "मी माझ्यासाठी नाही वाचत. तुझ्या डोळ्यांसाठी वाचतेय." "बरं," सासूबाई म्हणाल्या, "बेचाळिसावं स्तोत्र काढ." तिने वाचले. मध्ये एक शब्द गळला, तो सासूबाईंनी न पाहता भरून दिला. दुसऱ्याने शब्द सुचवायचा नाही हा दंडक त्यांनी स्वतःच मोडलेला मी प्रथमच पाहिला.

असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. मग एका संध्याकाळी अध्याय संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता तुझं ते पुस्तक आण."

"कोणतं?"

"त्या गोदावरीबाईंचं. एक अध्याय माझा, एक प्रकरण तुझं. उधारी नको."

तेव्हापासून आमच्या ओसरीवर दिवेलागणीला पवित्र शास्त्र आणि कम्युनिस्ट बाईचे पुस्तक अशी दोन्ही एकामागून एक वाचली जातात. हे तलासरीहून येतात, पाय धुतात आणि पायरीवर बसून ऐकतात. सकाळ-संध्याकाळ ज्या गावांवरून त्यांची एस.टी. जाते, त्यांतली काही नावे पुस्तकात येतात, तेव्हा मान हलवतात. वेठीच्या प्रकरणात माराचे वर्णन आले, तेव्हा सासूबाईंनी हात वर केला. थोरली थांबली.

"मी सहा-सात वर्षांची असेन," त्या म्हणाल्या. "आमच्या मागच्या दारी रात्रीचा एक वारली यायचा. त्याच्या पाठीवर वळ असायचे. बाबा कंदील घेऊन मलम लावायचे, हळू फुंकर घालायचे. पण कोणी मारलं, हे त्यांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही."

बराच वेळ कोणी काही म्हणाले नाही. मागच्या बाजूला चिकूच्या झाडांत वटवाघळे फडफडत होती. थोरलीने पानावर बोट तसेच धरून ठेवले होते.

"पुढे वाचू, आजी?"

"वाच. पण आधी ते पान पुन्हा एकदा वाच."